आव्हिन्योंच्या पुलावरचं गाणं मुलांना शिकवताना

मी लहान मुलांना फ्रेंच शिकवते. ‘स्युर ल पों दाव्हिन्यों’ (‘आव्हिन्योंच्या पुलावर’) हे फेर धरून नाचायचं गाणं पहिल्यांदा घेतलं, तेव्हा आधी फळ्यावर अर्थ लिहून दिला. ‘सभ्य गृहस्थ असं करतात, आणि पुन्हा असं करतात.’ पुढच्या बाकावरच्या मुलीनं लगेच विचारलं, ‘ताई, असं म्हणजे कसं?’

या गाण्याची किल्ली नेमकी तिथंच आहे. ‘कॉम सा’, म्हणजे ‘असं’, हा शब्द रिकामा आहे, तो अंगानं भरायचा. म्हणून वही मिटा आणि मुलांना उभं करा.

हात धरून गोल करा. ध्रुवपदाला सगळे फिरतात. ‘लों नि दांस’ म्हणजे ‘तिथं नाचतात’. कोण नाचतं ते मराठीतही सांगावं लागत नाही, त्यामुळे मुलांना हे पटकन कळतं. ‘तू ज़ां रों’ म्हणजे सगळे गोलात. कडवं आलं की हात सोडून जागीच थांबायचं. गृहस्थ टोपी उचलून झुकतात, बायका झग्याची टोकं धरून गुडघ्यात किंचित वाकतात, शिपाई सलाम ठोकतात. दुसऱ्या ‘कॉम सा’ला तीच कृती दुसऱ्या बाजूच्या शेजाऱ्याकडे वळून करायची. इथं घाई करू नका. डोळ्याला डोळा भिडला तरच ते अभिवादन होतं, नाहीतर नुसती कवायत.

मग पुलाची गोष्ट सांगा, मोठ्या मुलांना तर नक्कीच. फ्रान्सच्या दक्षिणेला आव्हिन्यों शहरात रोन नदीवर हा पूल पहिल्यांदा बाराव्या शतकात बांधला. बेनेझे नावाच्या मेंढपाळ पोराला देवाची आज्ञा झाली, अशी आख्यायिका आहे. पुढे बांधलेल्या दगडी पुलाला 22 कमानी होत्या. पुरांनी त्या पुन्हा पुन्हा पाडल्या, सतराव्या शतकात दुरुस्तीचा नाद सोडला, आणि आज 4 उरल्यात. रुंदी पाच मीटरही नाही. मी वर्गात खडूनं तेवढी पट्टी आखते आणि तिच्यात फेर धरायला सांगते. मोठा गोल मावतच नाही! तेव्हा मुलांना पटतं की लोक पुलावर नाही, पुलाखाली नाचत असावेत. नदीतल्या बार्तलास बेटावर, कमानींखाली नाच चालायचे असं सांगतात. फ्रेंचमध्ये ‘स्युर’ म्हणजे वर, ‘सू’ म्हणजे खाली. गाणं जुनं आहे, पण आजची चाल पसरली ती 1853 मध्ये फ्रेंच संगीतकार आदोल्फ आदांच्या एका ऑपेरात आल्यानंतर.

शेवटच्या कडव्यातला धंदा मुलांनाच निवडू द्या. माझ्या वर्गात एकानं शिंपी घेतला, ‘ले तायर फों कॉम सा’. पहिल्या ‘कॉम सा’ला त्यानं एक डोळा मिटून सुईत दोरा ओवला, दुसऱ्याला तो दातांनी तोडला.