लघवीचा नमुना नीट कसा द्यायचा?

कल्चरच्या (लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टात तीन-चार जातींचे जंतू निघाले आणि सोबत एपिथेलियल सेल्सही (त्वचेच्या आणि अस्तराच्या पेशी) भरपूर दिसल्या, की लॅबवाले बहुधा नमुना पुन्हा मागतात. त्वचेवरचे जंतू डबीत उतरले असावेत, अशी त्यांना शंका असते. उगाच अँटिबायोटिक घ्यायला लागण्यापेक्षा दुसऱ्यांदा नमुना देणं परवडलं.

आधी विचारा, तपासणी कोणती? रुटीन आणि कल्चरला मधली धार लागते. क्लॅमिडिया किंवा गोनोरिया या लैंगिक संसर्गांच्या पीसीआर तपासणीला (जंतूंचा डीएनए शोधणारी) मात्र अगदी उलट: तासभर लघवी न करता, आधी न धुता, पहिल्या धारेतली २०-३० मिली. अँटिबायोटिक सुरू करायचं असेल, तर कल्चरचा नमुना त्याआधीच द्या. पाळी चालू असेल तर तसं सांगा. रक्त मिसळलं की रिपोर्टचा अर्थ बदलतो.

मधल्या धारेसाठी हात साबणाने धुवा. स्त्रियांनी जागा पुढून मागे पुसावी, पुरुषांनी शिश्नावरची त्वचा मागे घ्यावी. थोडी लघवी कमोडमध्ये जाऊ द्या, मग धार न तोडता निर्जंतुक डबी पुढे धरा. शेवटची धारही सोडून द्या. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नका. घरातली धुतलेली बाटली कल्चरला चालत नाही, कितीही स्वच्छ दिसली तरी.

आता घड्याळ बघा. नमुना दोन तासांत लॅबमध्ये पोचायला हवा. बाहेर ठेवलेल्या लघवीत जंतू वाढत राहतात. कल्चरमध्ये एका मिलीत १,००,००० जंतू हा आकडा संसर्गाची खूण म्हणून बघतात, आणि उशिरामुळे थोडे जंतूही तिथवर पोचू शकतात. ते जंतू साखर खातात, त्यामुळे ग्लुकोज कमी दिसतं. काही जंतू युरियाचा अमोनिया करतात, मग पीएच चढतो. पेशीही फुटतात. उशीर होणारच असेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको.

२४ तासांच्या तपासणीत, म्हणजे दिवसभराची सगळी लघवी एका कॅनमध्ये साठवायची असते तेव्हा, गोंधळ सुरुवातीलाच होतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी टाकून द्या आणि वेळ लिहून ठेवा. त्यानंतरची प्रत्येक लघवी कॅनमध्ये गेली पाहिजे, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेची धरून. मधली एक जरी चुकली, तरी प्रोटीनचा आकडा खोटाच कमी येतो.

तान्ह्या बाळाला चिकटवलेल्या पिशवीतला नमुना निगेटिव्ह आला तर उपयोगाचा. पॉझिटिव्ह आला, तर डॉक्टर कॅथेटरने (मूत्रमार्गात घातलेल्या बारीक नळीने) पुन्हा घेतील.