मढौऱ्याला जमिनीच्या कामाला जाताय?

आमच्या भांडुपच्या चाळीत माझ्यासकट तिघी बिहारच्या सुना. बाबूजी, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर जमीन नवऱ्याच्या नावावर करायला मी मढौऱ्याला तीन खेपा घातल्या. पहिली अख्खी फुकट गेली, तीही माझ्याच शहाणपणामुळे. तुमची वाचावी म्हणून लिहितेय.

मढौरा हे बिहारच्या सारण जिल्ह्यातलं अनुमंडल, म्हणजे आपला उपविभाग, जिल्ह्याचं ठिकाण छपरा. जुनी माणसं गावाची ओळख साखर कारखाना आणि मॉर्टनच्या टॉफीवरून सांगतात, पोरं रेल्वे इंजिनाच्या कारखान्यावरून. कुर्ला टर्मिनसवरून पवन एक्सप्रेसने छपरा, पुढे थावे लाइनची गाडी नाहीतर जीप. छठच्या दिवसांत, म्हणजे दिवाळीनंतरच्या आठवड्यात, जाऊच नका. गाडीत पाय ठेवायला जागा नसते. आणि चुलतसासऱ्यांसाठी बाटली नेऊ नका हो, २०१६ पासून तिकडे दारूबंदी आहे.

आता माझा शहाणपणा. ‘प्रखंड कार्यालय’ अशी पाटी दिसली, म्हटलं हीच तहसील, आणि रांगेत उभी राहिले. दीड तासाने खिडकीतल्या बाबूने कागद उलटसुलट केले नि म्हणाला, “ई त अंचल के काम बा.” तर हे पाठ करा: प्रखंडात बीडीओ, म्हणजे आपले गटविकास अधिकारी, त्यांच्याकडे सरकारी योजना. जमीन अंचलात, तिथे सीओ. सीओ म्हणजे साधारण आपले तहसीलदार, राजस्व कर्मचारी म्हणजे तलाठी, दाखिल-खारिज म्हणजे फेरफार. अनुमंडलाच्या कचेरीत आधी जायचं कारणच नाही. सीओने अर्ज नाकारला तर अपील तिथल्या डीसीएलआरकडे, म्हणजे जमिनीचं काम बघणाऱ्या डेप्युटी कलेक्टरकडे.

अर्ज बिहारभूमी पोर्टलवर घरबसल्या भरता येतो. मृत्यूचा दाखला, जुनी लगान रसीद (शेतसाऱ्याची पावती) आणि वंशावळ हाताशी ठेवा. वंशावळीपायी अजून एक घोळ होतो. आपला सरपंच तो तिकडचा मुखिया. तिकडे सरपंच वेगळा, तो ग्रामकचेरीचा, म्हणजे गावच्या न्यायपंचायतीचा. आमची वंशावळ सरपंचाच्या सहीने झाली. मी आधी मुखियाच्या ओट्यावर चहा पिऊन आले होते.

खतियान, म्हणजे जमिनीच्या हक्काचा जुना कागद, मात्र घरातच सापडलं, पत्र्याच्या पेटीत, घडीवर फाटलेलं. अक्षर बघून मला आजोबांचे मोडीतले कागद आठवले. ती कैथी लिपी. घरात एकालाही वाचता येईना. गावातल्या एका म्हाताऱ्या मुंशींनी बोट न टेकवता, वरूनच फिरवत खाता आणि खेसरा (जमिनीच्या तुकड्याचा) नंबर वाचून दाखवले. असे वाचणारे कमी उरलेत, त्यामुळे गेल्या गेल्या आधी माणूस शोधा.

मापाचं म्हणाल तर २० धूर म्हणजे १ कट्ठा, २० कट्ठे म्हणजे १ बिघा. पण कट्ठा गावोगावच्या लग्गीप्रमाणे, म्हणजे मोजायच्या काठीप्रमाणे, बदलतो, त्यावर हिशेब करू नका. डिसमिलमध्ये (एकराचा शंभरावा भाग) विचारा: अडीच डिसमिल म्हणजे आपला १ गुंठा.

नव्या नावाची रसीद निघाली की तिथल्या तिथे वाचा. मी अर्जात मुंबईच्या सवयीने नवऱ्याचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं सलग लिहिलं होतं. तिकडे वडिलांचं नाव ‘पिता’च्या रकान्यात वेगळं लागतं. तिसरी खेप त्यासाठीच झाली.