ऑनलाइन साधनांतून राग आणि बंदिश शिकवताना या चुका टाळा

तानपुऱ्याचं अ‍ॅप, तबल्याचा ठेका, स्वर नेमका लागला का ते दाखवणारा ट्यूनर, यूट्यूबवरच्या मैफिली, झूमवरचा वर्ग. गाणं शिकवणाऱ्या बहुतेकांच्या हाताशी आज हे सगळं असतं, आणि असावंच. जवळपास शिकवणारं कुणी नाही किंवा घर परदेशात आहे, अशा मुलांना तोच आधार आहे. फक्त प्रत्येक साधनात काही गोष्टी बनवणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेल्या असतात. त्या न तपासता आपण ते मुलांपुढे ठेवतो आणि मग चूक मुलाच्या गळ्यात शोधत बसतो.

तानपुरा मधेच गायब होतो

मीटिंगची अ‍ॅप बोलण्यासाठी बनलेली आहेत. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंख्याची घरघर असं समजून ती तो दाबतात, आणि तानपुरा नेमका तसाच असतो. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स’ हा पर्याय सुरू करा आणि विद्यार्थ्यालाही त्याच्याकडे सुरू करायला सांगा.

दुसरी गफलत म्हणजे ठेका आपल्याकडून वाजवायचा आणि मुलाला त्यावर गायला लावायचं. आवाज जाऊन परत यायला थोडा वेळ लागतोच. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत एक मात्रा अर्ध्या सेकंदाची. पाव सेकंद उशीर झाला तरी मूल आपल्याला अर्धी मात्रा मागे ऐकू येतं, आणि आपण ‘लय सांभाळ’ म्हणून ओरडतो! ठेका आणि तानपुरा मुलाच्या खोलीत, दुसऱ्या फोनवर लागू द्या. मग गळा आणि ठेका दोन्ही एकत्रच आपल्यापर्यंत पोचतात आणि लय खरोखर कुठे ढळते ते कळतं. एकत्र गाणं मात्र ऑनलाइन होत नाही. आपण गावं, थांबावं, मग त्याने गावं.

ट्यूनरचा हिरवा दिवा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. मूल तानपुऱ्यावर सुंदर गंधार (ग) लावतं आणि ट्यूनर म्हणतो, स्वर उतरला. बिचारं मूल गंधार चढवतं, दिवा हिरवा होतो आणि तानपुऱ्याशी जुळलेला स्वर बिघडतो.

याचं कारण असं. बहुतेक ट्यूनर पियानोप्रमाणे सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. तानपुऱ्याच्या खर्जातून, म्हणजे सगळ्यात खालच्या ‘सा’च्या तारेतून, आपोआप निघणारा स्वयंभू गंधार त्या हिशोबात बसत नाही. षड्ज (सा) पेटीच्या काळी एकला, म्हणजे साधारण 277 हर्ट्झला असेल तर पियानोचा गंधार 349 च्या आसपास येतो आणि तानपुऱ्याचा 346.5 ला. फरक 14 सेंटचा, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या सातव्या हिश्शाएवढा. कानाला तो स्पष्ट कळतो.

षड्ज आणि पंचम तपासायला ट्यूनर चालेल, कारण तिथे फरक नगण्य आहे. गंधार, धैवत, निषाद मात्र तानपुऱ्यावरच ठरू द्या. फोन उलटा ठेवायला सांगा.

तानपुऱ्याच्या अ‍ॅपमध्येही पहिली तार बहुधा पंचमावर असते. मालकंस रागात पंचम वर्ज्य आहे, म्हणजे लागतच नाही, तिथे ती मध्यमावर घ्या. मारवा रागाला निषादावर.

आरोह-अवरोहाचे व्हिडिओ

पेटीच्या पट्ट्या रंगवून राग दाखवणारे व्हिडिओ खूप आहेत. त्यातून भूप आणि देशकार हे राग वेगळे कसे करणार? स्वर तेच पाच. भूप गंधाराशी रमतो, देशकार धैवताशी, तोही उत्तरांगात, म्हणजे सप्तकाच्या वरच्या अर्ध्यात. मारवा, पुरिया आणि सोहनीचंही तसंच. रंगीत पट्टी स्वर दाखवते, स्वराकडे जाण्याची वाट दाखवत नाही.

त्यासाठी मुंबईच्या एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) आणि अ‍ॅम्स्टरडॅम विद्यापीठाच्या ‘ऑट्रिम’ प्रकल्पातले आलेख पाहा. गाणं चालू असताना स्वररेषा पडद्यावर सरकते, मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकणं, डोळ्यांना दिसते. पण आलेख आधी दाखवू नका. तुकडा आधी ऐकवा, मुलांना कागदावर हाताने रेषा काढू दे, मग ताडून पाहा.

जुन्या 78 आरपीएमच्या तबकड्या ऐकवताना एवढं सांगायला विसरू नका की एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत. नाहीतर ख्याल तेवढाच असतो असं मुलांना वाटेल.

चाल बांधताना

ठेक्याचं अ‍ॅप पहिल्या मात्रेपासून वाजतं, म्हणून मुलांची प्रत्येक चाल समेवरून, म्हणजे तालाच्या त्या पहिल्या मात्रेवरूनच, उठते. हे मला फार खटकतं, कारण समेकडे येण्यातली सगळी मजाच त्यात जाते.

एक ओळ घ्या: ‘गगनी आले मेघ सावळे’. लघु-गुरू मोजले तर नेमक्या 16 मात्रा, म्हणजे तीनतालाचं एक आवर्तन. पहिल्या मात्रेवरून उठवली तर सम ‘ग’ या हलक्या अक्षरावर पडते. अकराव्यावरून उठवली तर ‘आले’मधल्या ‘ले’वर. नवव्या मात्रेवरून, खालीपासून (जिथे टाळी न देता हात बाजूला नेतात तिथून) उठवा: ‘गगनी’ बारापर्यंत, ‘आले’ सोळापर्यंत आणि सम थेट ‘मेघ’वर. ओळीतला जड शब्द समेवर आला.

तिन्ही प्रकार मुलांकडून म्हणवून घ्या, आधी हातावर टाळी-खाली देत, अ‍ॅप बंद ठेवून. मग फोनवर रेकॉर्ड करून एकमेकांना ऐकवू द्या. स्वर त्यानंतर बसवायचे.