घरात वाळवलेले कपडे कुबट का वास मारतात आणि उन्हातल्यांना तो छान वास कुठून येतो? या चुका टाळा

मशीन तेच, पावडर तीच, कपडेही एकाच लोडमधले, पण अर्धे बाहेर दोरीवर टाकले आणि अर्धे आतल्या स्टँडवर, तर संध्याकाळी दोन्ही ढिगांचा वास वेगळा येतो. बाहेरच्यांना तो हलका, स्वच्छ, उन्हाचा वास आणि आतल्यांना नशीब चांगलं असेल तर कसलाच वास नाही, नाहीतर कुबट. मग बहुतेक लोक काय करतात, तर पावडर वाढवतात, सॉफ्टनर जास्त ओततात, सुगंधी दाणे टाकतात आणि दोन दिवस सुगंध येतो, तिसऱ्या दिवशी टॉवेल ओला झाला की पुन्हा तोच वास.

यात खरं तर दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आपण त्या एकात मिसळतो. कुबट वास ही जंतूंची करामत आहे, कपडा किती वेळ ओला राहिला यावर ती ठरते. उन्हाचा तो छान वास मात्र वेगळ्याच रस्त्याने येतो, तो कपड्यावर नव्याने तयार होतो. पहिली गोष्ट घरातही टाळता येते, अगदी पूर्णपणे. दुसरी घरात मिळणं जवळपास अशक्य आहे, तिची नक्कल बाटलीत मिळते तेवढीच.

उन्हाच्या वासाबद्दल आधी सांगतो, कारण ते खूप सुंदर आहे. कोपनहेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी सुती टॉवेल अगदी शुद्ध पाण्यात धुतले, डिटर्जंट वगैरे काही नाही आणि मग काही घरात, काही बाहेर सावलीत, काही थेट उन्हात वाळवले. नंतर ते पिशव्यांत बंद करून त्यातून काय काय रसायनं बाहेर येतात ते मोजलं. २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. उन्हात वाळलेल्या टॉवेलांमधून पेंटॅनल, हेक्झॅनल, ऑक्टॅनल, नोनॅनल अशी अल्डिहाइड मंडळी आणि काही कीटोन्स (हे दोन्ही हवेत सहज उडणाऱ्या, वास असलेल्या रसायनांचे गट) सापडले, घरात वाळलेल्यांमध्ये तसे नाही. ऑक्टॅनल म्हणजे संत्र्याच्या सालीत असतं ते आणि नोनॅनल गुलाबाच्या तेलातही सापडतं, म्हणजे अत्तरवाले ज्या गोष्टी वापरतात त्याच ऊन फुकटात टॉवेलवर बनवतं! कारण म्हणून त्यांनी दोन शक्यता मांडल्या, एक तर बाहेरच्या हवेतला ओझोन नावाचा वायू कपड्यावरच्या पदार्थांशी क्रिया करतो, दुसरं म्हणजे ऊन आणि ओला कपडा यांच्यात प्रकाशामुळे रासायनिक क्रिया होते. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की पावडरचा त्यात काही हात नाही, ऊन हवं आणि कपडा ओला हवा.

आता यावरूनच पहिली चूक कळेल.

घरात वाळवून मग "जरा ऊन दाखवणं"

कपडे आत वाळवायचे आणि पूर्ण कोरडे झाल्यावर अर्धा तास उन्हात टाकायचे, असं बरेच जण करतात. त्याने उरलासुरला दमटपणा जातो, तेवढा फायदा आहेच, पण तो छान वास त्या मानाने येत नाही कारण कपड्यात पाणीच उरलेलं नसतं. थोडाच वेळ ऊन मिळणार असेल तर उलटं करा, ओला कपडा आधी उन्हात जाऊ दे आणि शेवटचं वाळणं आत होऊ दे. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन पण बाहेरच्या उन्हासारखं नसतं, काच अतिनील किरणांचा बराच भाग अडवते आणि बाहेरची वाहती हवाही तिथे नसते. तरी त्या उबेने कपडे लवकर वाळतात म्हणून स्टँड तिथेच ठेवा, फक्त खिडकी उघडी ठेवून.

खोली बंद करून वाळवणं

घरात वाळवतानाची ही सगळ्यात मोठी चूक आणि इथे थोडा हिशोब केला की डोळे उघडतात. मशीनने स्पिन केल्यावरही एका लोडमध्ये साधारण दोन लिटर पाणी कपड्यांत असतं आणि ते सगळं खोलीच्या हवेत जाणार आहे, दुसरीकडे जायला त्याला जागाच नाही. दहा बाय दहाची दहा फूट उंच खोली धरा, म्हणजे अंदाजे २८ घनमीटर हवा. २५ अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त २३ ग्रॅम वाफ धरू शकते, म्हणजे अख्ख्या खोलीत मिळून साडेसहाशे ग्रॅम. त्यात हवा आधीच ६० टक्के दमट असेल तर उरली जेमतेम २६० ग्रॅमची जागा. आणि आपण तिला दोन लिटर पाणी घ्यायला सांगतोय! दारं-खिडक्या बंद असतील तर हवा भरून जाते, कपडे वाळायचे थांबतात आणि तसेच ओले लटकत राहतात, उरलेलं पाणी भिंतींवर आणि काचांवर बसतं, पुढे कोपऱ्यात बुरशी येते ती वेगळीच.

म्हणजे ती हवा कमीत कमी सात-आठ वेळा बदलली गेली पाहिजे. समोरासमोरच्या दोन खिडक्या उघडा, किंवा एक खिडकी आणि एक्झॉस्ट. बाहेर पाऊस असेल तर लोक म्हणतात बाहेरही दमटच आहे मग खिडकी उघडून काय फायदा, पण कपड्यांनी भरलेल्या बंद खोलीतली हवा बहुतेक वेळा बाहेरच्यापेक्षा जास्त दमट होते, त्यामुळे हवा खेळती राहिलेली कधीही बरी. डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा शोषून घेणारं यंत्र, असेल तर मात्र खिडक्या बंद ठेवून तो चालवा, तिथे नियम उलटा.

पंखा लावत असाल तर तो कपड्यांवर येईल असा लावा. छताचा पंखा हवा खाली ढकलतो आणि स्टँडच्या वरच्या दांड्यांवरचे कपडे वाळतात, खालचे तसेच राहतात. टेबल फॅन स्टँडच्या बाजूला, कपड्यांच्या मधून हवा जाईल असा ठेवला तर फरक लगेच जाणवतो. ओल्या कपड्याला चिकटून दमट हवेचा एक पातळ थर असतो आणि तो सतत उडवून लावणं हेच पंख्याचं काम. बाहेर वारा हेच करतो, म्हणून ढगाळ पण वाऱ्याच्या दिवशी कपडे पटकन वाळतात.

दाटीवाटीने वाळत घालणं

दोन कपड्यांमध्ये निदान पंजा मावेल एवढी जागा ठेवा. जागा नसेल तर कमी कपडे धुवा, रोज थोडे थोडे, पण एकावर एक टाकू नका. चादर चार पदरी करून दांडीवर टाकली की आतले दोन पदर दुसऱ्या दिवशीही ओले असतात. टॉवेल दुमडून न टाकता एका कडेला चिमटे लावून लटकवा. जीन्स उलटी करून, खिसे बाहेर काढून, कमरेकडून गोल उघडी राहील अशी टांगा, हूडीची टोपी पाठीला चिकटू देऊ नका. आणि टाकायच्या आधी प्रत्येक कपडा जोरात झटका, सुरकुत्या तर जातातच पण चिकटलेले पदर सुटे होतात.

मशीनमध्ये ओले कपडे तसेच ठेवणं

रात्री मशीन लावलं, सकाळी काढू म्हणून झोपलो, हे घराघरात होतं. कपडा ओला झाला तिथपासून जंतूंचं घड्याळ सुरू होतं, दोरीवर टाकल्यापासून नाही. बंद ड्रममध्ये दमट, कोंदट, वारा नाही, त्यांना यापेक्षा चांगलं काय हवं. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी या कुबट वासाचा मुख्य आरोपी शोधला, मोराक्सेला ओस्लोएन्सिस नावाचा जीवाणू. तो कपड्यात राहिलेला घाम आणि तेलकटपणा खाऊन एक आम्ल सोडतो आणि ओल्या पोतेऱ्याचा म्हणतो तो वास त्याचाच. हा प्राणी चिवट आहे, कोरडेपणाही सहन करतो आणि अतिनील किरणंही बऱ्यापैकी सोसतो, म्हणून एकदा वास धरलेला टॉवेल नुसता उन्हात टाकून सुधारत नाही. कोरडा असताना ठीक वाटतो, अंग पुसलं की दहा मिनिटांत वास वर येतो, कारण ते आत जिवंतच असतात आणि पाणी मिळताच कामाला लागतात.

अशा टॉवेलला गरम पाणीच लागतं. लेबलवर चालेल असं लिहिलं असेल तर ६० अंशावर धुवा, सोबत ऑक्सिजन ब्लीच (क्लोरीन नसलेलं ब्लीच) टाका, ते गरम पाण्यातच नीट काम करतं. आणि मग त्याच दिवशी लवकरात लवकर वाळवा. एक गोष्ट जीव तोडून सांगतो, क्लोरीनवालं ब्लीच आणि व्हिनेगर कधीही एकत्र वापरू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तर फारच धोक्याचं.

टायमर असेल तर मशीन आपण उठायच्या वेळेला संपेल असं लावा. स्पिनचा वेगही बघा, जाड सुती कपड्यांना मशीन देईल तेवढा जास्त वेग द्या किंवा शेवटी एकदा नुसतं स्पिन परत चालवा. जितकं पाणी मशीन काढेल तितकं हवेला कमी काढावं लागेल.

जास्त पावडर, जास्त सॉफ्टनर

फेस म्हणजे स्वच्छता असं डोक्यात बसलेलं असतं. जास्तीचं डिटर्जंट नीट खळबळून निघत नाही, धाग्यात साचतं आणि त्याला मळ चिकटून राहतो. सॉफ्टनर तर मुद्दामच धाग्यावर थर देतो, त्यानेच कपडा मऊ लागतो, पण टॉवेल पाणी कमी शोषायला लागतो आणि वर्षानुवर्षांचा तो थर पुढच्या धुण्यातही पूर्ण निघत नाही. टॉवेलला सॉफ्टनर नकोच, माझं यावर ठाम मत आहे. उन्हात वाळलेला टॉवेल कडक होतो ही तक्रार खरी आहे, पण वाळत घालायच्या आधी आणि काढल्यावर दोनदा जोरात झटकला तर बराच मऊ पडतो.

मशीनच्या दाराच्या रबराची घडी उघडून बोट फिरवा. बुळबुळीत काळं काही लागलं तर कपड्यांना वास का येतो ते तिथेच कळेल. ते पुसून घ्या, महिन्यातून एकदा रिकामं मशीन सगळ्यात गरम सायकलवर चालवा आणि वापर झाल्यावर दार अन् पावडरचा कप्पा उघडे ठेवा, घरात लहान मुलं असतील तर लक्ष ठेवून.

व्यायामाचे कपडे सुतीसारखे धुणं

पॉलिएस्टर लवकर वाळतं, तरी त्यालाच वास जास्त राहतो. ते पाणी धरत नाही पण अंगाचं तेल मात्र घट्ट धरतं आणि घामाला वास आणणारे काही जीवाणू सुतीपेक्षा त्यावर जास्त वाढतात. घामाचा टीशर्ट बॅगेत किंवा टोपलीत कोंबू नका, धुवायला वेळ असेल तर आधी पसरून वाळू द्या. धुताना उलटा करून धुवा म्हणजे काखेचा भाग वर येतो.

ओझोनची मशिनं

उन्हाच्या वासात ओझोनचा हात असू शकतो हे वाचून कोणी घरात ओझोन सोडणारं यंत्र आणायचा विचार करेल, तर कृपा करून नको. ओझोन फुप्फुसांना त्रासदायक आहे, दम्याच्या माणसाला तर फारच आणि बंद घरात त्याचं प्रमाण सहज वाढतं. वासासाठी असली जोखीम कोणी घेऊ नये.

बाहेर टाकूनही वाया घालवणं

बाहेर टाकले म्हणजे काम झालं असं नाही. वाळल्यावर दिवसभर कडक उन्हात राहिले तर रंग उडतो आणि धागा कमजोर होतो, म्हणून रंगीत कपडे उलटे करून टाका आणि वाळले की काढा. दुपारी कोरडे झालेले कपडे रात्री बाहेरच राहिले तर दव पडून सादळतात आणि सकाळी तसेच घडी घातले की कपाटात कुबट. जवळ कचरा जळत असेल किंवा धूर असेल तर त्या दिवशी बाहेर टाकू नका, ओला कपडा धुराचा वास लगेच पकडतो. परागकणांची अ‍ॅलर्जी असेल त्यांनीही उशांचे अभ्रे त्या दिवसांत आतच वाळवावेत.

घडी घालायच्या आधी मधला भाग न बघता जाड जागा तपासा, जीन्सचा कमरेचा पट्टा, खिशांचे तळ, काखेची शिवण, टॉवेलची कडेची पट्टी. हाताला गार लागलं तर बहुधा ओल आहे, पण थंडीच्या दिवसांत कोरडं कापडही गारच लागतं, तेव्हा शंका आली तर ती शिवण दोन बोटांत अर्धा मिनिट दाबून धरा, कोरडी असेल तर ऊबदार होते, ओली असेल तर गारच राहते. गार राहिली तर तेवढा एक कपडा परत पंख्यासमोर टाका, बाकीच्यांबरोबर कपाटात नको.