सात किलोचा हिशोब: नागपूरहून कॅमेरा घेऊन फॉरेनला निघताना

सगळ्यात आधी वजनकाटा घ्या. लेन्स नंतर, बॅग नंतर. तो हुकवाला छोटा काटा येते ना, बॅग लटकवून वजन दाखवणारा, बर्डीवर कुठेही मिळून जाते. आपल्याला सवय ताडोबाची, जिप्सीत काहीही घेऊन बसा, दोन कॅमेरा बॉडी, मोठी लेन्स, लेन्स टेकवायची बीनबॅग, वरून पोह्यांचा डबा, कोणी विचारत नाही. विमानात इकॉनॉमीला हातातली बॅग ७ किलो, बऱ्याच एअरलाईनचं हेच आहे, आणि कॅमेरा चेक-इनच्या बॅगेत टाकायचा नसते हे तर ठरलेलंच, म्हणून सगळा खेळ त्या ७ किलोचा.

मी पहिल्यांदा गेली तेव्हा मोठ्या हौशीने कॅमेऱ्याचीच महागडी बॅकपॅक घेतली होती, जाड जाड पॅडिंगवाली. काउंटरवर त्या बाईंनी काट्यावर ठेवायला लावली, ९ किलो ४०० ग्रॅम. मागे लाईन, नवरा म्हणून राहिला "मी सांगितलं होतं", आणि मी लेन्सा काढून जॅकेटच्या खिशात कोंबून राहिली. जॅकेट अंगात असलं की त्याचं वजन कोणी करत नाही, ही ट्रिक चालते, पण डिसेंबरात चालते, मे महिन्यात नागपुरातून निघताना जॅकेट घालून दाखवा.

घरी येऊन बॅग रिकामी करून काट्याला लावली तर नुसती बॅगच पावणेदोन किलोची. म्हणजे ७ मधला पाव भाग कापडाला आणि फोमला. आता मी साधी कॉलेजच्या पोरांसारखी सॅक घेते आणि आतमध्ये कॅमेऱ्याचा पॅडवाला इन्सर्ट टाकते, दोन्ही मिळून ९०० ग्रॅमच्या आसपास. दुसरा फायदा असा की ती बॅग कॅमेऱ्याची वाटतच नाही. कंपनीचं नाव लिहिलेला कॅमेऱ्याचा पट्टाही बदलून टाका, साधा काळा घ्या, त्या नावाने चोराचाच फायदा होते.

माझा हिशोब सांगते. कॅमेरा सोनी ए७ फोर, बॅटरी-कार्डासकट ६५८ ग्रॅम, २४-१०५ लेन्स ६६३ ग्रॅम, ३५ एमएम एफ १.८ ची २८० ग्रॅम. म्हणजे १६०० झाले. लॅपटॉप सव्वा किलो, पॉवर बँक पाव किलोच्या वर, तीन जास्तीच्या बॅटऱ्या अडीचशे ग्रॅम, चार्जर-केबल अर्धा किलो धरा, ती केबलची थैली लोकं कधी मोजतच नाहीत आणि तीच घात करते. बॅग धरून पाच किलो होतात. उरलेल्या दोन किलोत औषधं, कागदपत्रं आणि एक जोडी कपडे, कारण चेक-इनची बॅग एखादा दिवस मागे राहून गेली तर निदान आंघोळ करून बदलता तर आलं पाहिजे.

आता ताडोबावाले विचारतील, २००-६०० च्या मोठ्या लेन्सचं काय? ती एकटीच २११५ ग्रॅम आहे. केनियाला जाऊन राहिले असाल तर न्या, तिथे तेच काम आहे. शहरं पाहायला जाऊन राहिले असाल तर घरी ठेवा. मी एकदा हट्टाने मोठी लेन्स नेली, दहा दिवसांत बारा फोटो काढले, त्यातले सात कबुतराचे.

आणि घरचे सोबत असतील तर त्यांचेही ७ किलो आहेत हे विसरू नका. नवऱ्याच्या बॅगेत काय असते, एक स्वेटर आणि वाचायला घेतलेलं पुस्तक जे तो वाचत नाही. एक लेन्स आणि लॅपटॉप तिकडे. फक्त बॅटऱ्या, कार्डं आणि बॉडी आपल्याजवळच.

बॅटरीचे नियम मात्र नीट समजून घ्या, इथे भलेभले फसतात. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत चालतच नाहीत, हातातच घ्या लागते. १०० वॅट-अवरपर्यंत काही विचारत नाहीत, १०० ते १६० ला एअरलाईनची परवानगी आणि जास्तीत जास्त दोन, १६० च्या वर नाहीच. वॅट-अवर काढायचं सोपं आहे, एमएएच ला हजाराने भागा आणि व्होल्टने गुणा. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे २० गुणिले ३.७, झाले ७४. माझ्यासारख्या कॅमेऱ्याची बॅटरी तर १६-१७ च्या वर जात नाही, त्याचं टेंशन नको. पण पॉवर बँकेवरचा तो बारीक छापलेला आकडा घासून गेला असेल तर सिक्युरिटीवाला काढून ठेवू शकते, म्हणून जुनी घासलेली नेऊ नका. सुट्या बॅटऱ्या प्लास्टिकच्या डबीत ठेवा किंवा टोकांवर टेप लावा, चिल्लर आणि चाव्यांच्या खिशात तर अजिबात नको. आजकाल नियम अजून कडक होऊन राहिले आहेत. जुलै २०२५ पासून जपानच्या एअरलाईनमध्ये पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवू देत नाहीत, जवळच, दिसेल अशी ठेवा लागते. एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात पॉवर बँक वापरणंच बंद केलं, न्यायची पण एकच आणि १०० वॅट-अवरच्या आतली. चीनमध्ये आतल्या आत उडणार असाल तर पॉवर बँकेवर त्यांचा सुरक्षेचा थ्री-सी शिक्का लागते. म्हणून निघायच्या आठवड्यात आपल्या एअरलाईनचं पान एकदा उघडून पाहाच.

ट्रायपॉड, ॲलन की, मल्टिटूल हे सगळं चेक-इनमध्ये, आपल्याकडे हातात धरून नेलं तर सिक्युरिटीत अडकायचे चान्सेस जास्त. हवेचा स्प्रे कॅन कुठेच चालत नाही, रबरी ब्लोअर घ्या. सिक्युरिटीला कॅमेरा, लॅपटॉप, पॉवर बँक सगळं ट्रेमध्ये काढून दाखवा लागते, तर बॅग अशी भरा की एका चेनमधून सगळं बाहेर येईल, नाही तर मागचे लोकं कुरकुर करतात. एक्स-रेने मेमरी कार्डाला काही होत नाही. पण फिल्मवर शूट करत असाल तर नवीन सीटी स्कॅनरवाल्या मशिनीत रोल घालू नका आणि चेक-इनमध्ये तर कधीच नाही, पारदर्शक पिशवीत वेगळे ठेवा आणि हाताने तपासायची विनंती करा.

आता कस्टम. हे कोणी सांगत नाही आणि मलाही कोणी सांगितलं नव्हतं. परत येताना एका एअरपोर्टवर मला थांबवून विचारलं, कॅमेरा बाहेर घेतला का. मी म्हटलं नाही हो, नागपुरात घेतला. बिल? बिल घरी, आलमारीत. तासभर मोबाईलवर जुने मेल उकरून उकरून शेवटी बिलाची पीडीएफ सापडली तेव्हा सुटका झाली. तर त्यासाठी एक्सपोर्ट सर्टिफिकेट नावाचा प्रकार असते. जाताना इंटरनॅशनल टर्मिनलवर कस्टमच्या काउंटरला वस्तू दाखवायची, ते सिरीयल नंबर पाहून लिहून देतात, परत येताना तो कागद दाखवला की प्रश्नच नाही. हे इमिग्रेशनच्या आधी करा, एकदा शिक्का बसला की मागे फिरता येत नाही. आणि ज्या एअरपोर्टवरून देशाबाहेर जाऊन राहिले तिथे हे होते. सोनेगाववरून, म्हणजे आपल्या नागपूरच्या एअरपोर्टवरून, थेट दोहा किंवा शारजाची फ्लाईट असेल तर इथेच, मुंबई-दिल्लीवरून असेल तर तिथे. घरूनच एका कागदावर मॉडेल आणि सिरीयल नंबर लिहून न्या, बिलांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, काम पटकन होते. दोन-तीन लाखांचा गिअर असेल तर तासभर आधी पोचायला काय जाते.

ड्रोनचं थोडक्यात सांगते, नेऊच नका. मोरोक्को आणि इजिप्तमध्ये एअरपोर्टवरच काढून घेतात. आणि "तिकडे स्वस्त मिळते, घेऊन येऊ" हेही डोक्यातून काढा, फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरून ड्रोन आणायलाच बंदी आहे आपल्याकडे.

नागपूरवाल्यांची अजून एक भानगड म्हणजे तिकीट. स्वस्त पडते म्हणून लोकं नागपूर-मुंबई वेगळं आणि पुढचं वेगळं काढतात. मग मुंबईत बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करा लागते, आणि डोमेस्टिकला बहुतेक ठिकाणी चेक-इन १५ किलोच, पुढच्या तिकिटावर २३ असले तरी. शक्यतो एकाच तिकिटावर काढा. नाहीच जमलं तर मध्ये चांगले सहा-सात तास ठेवा किंवा आदल्या रात्रीच्या दुरोंतोने निघून जा. समृद्धीने गाडीने जातात काही जण, ७०१ किलोमीटर, मला तर त्या रस्त्याने झोप येते.

आमची मागची ट्रिप जपानची होती, म्हणून तिथलं जरा जास्त सांगते. आईने निघताना पिशवीभर संत्री दिली, आता तिला कसं सांगणार की ताजी फळं तिकडे आत घेऊ देत नाहीत, दिल्लीत बसून सगळी खाल्ली. तिकडे सॉकेट दोन चपट्या पिनांचं आणि करंट १०० व्होल्ट. कॅमेरा-लॅपटॉपच्या चार्जरवर १००-२४० लिहिलेलं असते, त्यामुळे कन्व्हर्टर नको, फक्त पिनेचा अडॅप्टर लागते. चार अडॅप्टर घ्यायच्या ऐवजी एक घ्या आणि घरचा छोटा एक्स्टेन्शन बोर्ड न्या, आपल्या सगळ्या पिना त्यात बसतात. सिंगापूर, दुबई, लंडनला तीन चौकोनी पिना, युरोपात दोन गोल, तिथेही हाच बोर्ड. फक्त हेअर ड्रायर, इस्त्री असलं काही त्यावर लावू नका.

गंमत म्हणजे जपानमध्ये टोकियोकडे ५० हर्ट्झ आणि क्योटो-ओसाकाकडे ६०. तर ट्यूबलाईटखाली फोटोत पट्टे आले की टोकियोत शटर १/१०० करा, क्योटोत १/१२५. मी दोन दिवस लेन्सला शिव्या देऊन राहिली होती.

फिरताना मोठी बॅग सोबत ओढूच नका. तिकडे ताक्युबिन म्हणून सर्व्हिस आहे, हॉटेलच्या काउंटरवर सुटकेस दिली की बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी पुढच्या शहरातल्या हॉटेलात पोचते. आपण कॅमेऱ्याची सॅक घेऊन मोकळे. शिंकान्सेनमध्ये, म्हणजे तिथल्या बुलेट ट्रेनमध्ये, लांबी-रुंदी-उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वरची बॅग असेल तर मोठ्या सामानाच्या जागेवाली सीट बुक करा लागते, ते झंझटही वाचते. टोकियोहून क्योटोला जाताना ई नंबरची खिडकी घ्या, उजव्या हाताला फूजी दिसते, निघाल्यावर पाऊण तासाने शिन-फूजी स्टेशनच्या आसपास. कॅमेरा आधीच बाहेर काढून ठेवा, गाडी काही आपल्यासाठी थांबत नाही. शटर १/१००० च्या वर ठेवा, लेन्स काचेला जवळ टेकवा.

लोकल ट्रेनमध्ये सॅक पाठीवरून काढून पोटावर घ्या, तिथले सगळेच तसं करतात. युरोपात जाऊन राहिले असाल, रोम-बार्सिलोना वगैरे, तर तिथे चोरासाठी तेच करा, आणि कॅफेत बसल्यावर बॅगेचा पट्टा पायात अडकवा. क्योटोत गिऑनच्या खाजगी गल्ल्यांत फोटोला मनाई आहे, १०,००० येनचा दंड लिहिलेले बोर्डच आहेत, तिथे टेली लेन्स लावून गेइको-मायकोंच्या, म्हणजे तिथल्या गेइशा आणि शिकाऊ गेइशांच्या मागे पळणाऱ्या टुरिस्टांमुळे हे झालं. मंदिरांमध्ये ट्रायपॉड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. फुशिमी इनारी मात्र २४ तास उघडं असते, पहाटे साडेपाचला जा, नऊ वाजता त्या लाल तोरणांमध्ये आपल्या इतवारीसारखी गर्दी होते.

हवामानाचं नागपूरकरांना मुद्दाम सांगा लागते कारण आपला उन्हाळा कोरडा. बँकॉक किंवा सिंगापूरला एसी रूममधून सकाळी कॅमेरा थेट बाहेर काढला की लेन्सवर वाफ धरते, पुसलं की पुन्हा. रूममध्येच झिपलॉकच्या मोठ्या पिशवीत बंद करा, बाहेर आल्यावर अर्धा तास पिशवीतच राहू द्या. थंडीत उलटं, बर्फातून आत आले की हेच करा. बॅटरी थंडीत भसकन उतरते, दुसरी बॅटरी आतल्या खिशात अंगाला लागून ठेवा, आणि उतरलेली गरम झाली की तिच्यात थोडा जीव परत येते.

निघायच्या आधी कॅमेऱ्याचं घड्याळ तिकडच्या वेळेवर करा, जपानचं आपल्याहून साडेतीन तास पुढे. दोन बॉडी असतील तर दोन्हींचं एकदमच, नाही तर परत आल्यावर मंदिर आधी की जेवण आधी हेच कळत नाही.

रोज रात्री कार्ड लॅपटॉपवर आणि एका छोट्या एसएसडीवर, पण कार्ड फॉरमॅट करायचं नाही. जास्तीची चार कार्डं घेतली तरी ती एका लेन्सच्या मानाने काहीच नाहीत. लॅपटॉप नवऱ्याच्या बॅगेत, एसएसडी माझ्या, भरलेली कार्डं पासपोर्टच्या पाऊचमध्ये. माझ्या मैत्रिणीचं सगळं एकाच सॅकमध्ये होतं, टॅक्सीत राहिली. सॅक तीन दिवसांनी मिळाली, ते तीन दिवस तिने कसे काढले ते तिलाच विचारा. ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये कॅमेऱ्याचं कव्हर बहुतेक वेळा थोडकंच असते, पॉलिसीत प्रत्येक वस्तूमागे किती देतात तो आकडा शोधून वाचा, कमी वाटला तर कॅमेऱ्याची वेगळी पॉलिसी घ्या, तिथेही सिरीयल नंबर लागतेच.

परत आल्यावर सॅक दोन दिवस उघडी ठेवा, इन्सर्ट काढून वाळवा, खास करून पावसाच्या देशातून आले असाल तर, फंगस तिथूनच सुरू होते. आणि तो कस्टमचा कागद, बिलं, सिरीयल नंबरची यादी एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून सॅकच्याच मागच्या कप्प्यात ठेवून द्या. आलमारीत नको.