‘रिझ’ म्हणताय? मग या चुका टाळा

सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच गल्लीत बोलल्या जातात. त्यामुळे नवा शब्द इथे चटकन रुळतो. “त्याच्याकडं लई रिझ हाय बे” हे पार्क चौकातल्या पोरांच्या तोंडी सहज येतं. रिझ म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी. या शब्दाला माझी काही हरकत नाही. पण शब्द घ्यायचा तर नीट घ्यावा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे तो आपल्या ‘रिझवणे’वरून आला, असं ठासून सांगणं. दोन्हींचं रूप जुळतं, अर्थही जवळचा, म्हणून कुणालाही पटतं. पण ‘रिझणे-रिझवणे’ आपलं जुनं क्रियापद आहे, हिंदीतल्या ‘रीझना’चं भावंड. ‘रिझ’ हा इंग्रजी ‘करिझ्मा’चा मधला तुकडा. रेफ्रिजरेटरचा फ्रिज झाला, इन्फ्लुएन्झाचा फ्लू झाला, तसाच. करिझ्माचं मूळ ग्रीक, अर्थ ‘कृपेने मिळालेली देणगी’. काय सेनाट या अमेरिकी स्ट्रीमरमुळे (इंटरनेटवर थेट प्रक्षेपण करणाऱ्यामुळे) ‘रिझ’ पसरला आणि ऑक्सफर्डने 2023 चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून त्याची निवड केली.

ही गल्लत झाली की वापरही चुकतो. हुतात्मा स्मृती मंदिर या नाट्यगृहात नट प्रेक्षकांना रिझवतो, तेव्हा आनंद प्रेक्षकांना मिळतो. ‘रिझ’ असतो तो माणसाच्या अंगी: समोरच्याला, विशेषतः प्रेमाच्या दृष्टीने, ओढून घेण्याची हातोटी. म्हणून “कीर्तनकारांनी काय रिझ केलं!” हे चुकीचं. बाईंना “मॅडम, तुमचा रिझ भारी” म्हणणं तर टाळाच. कौतुकाच्या हेतूनं म्हटलं तरी त्यात छेडल्याचा वास येतो. गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, रीलखाली ‘नंदीध्वजांचा रिझ’ असंही लिहू नये. तिथे ‘थाट’ हाच शब्द शोभतो, आणि तो आपल्याकडे आहे.

रिझ म्हणजे देखणेपणाही नव्हे. दिसायला साधा, पण दोन वाक्यांत समोरच्याला हसवणारा मुलगा रिझवाला ठरतो. कुणाला पटवण्याच्या क्रियेला इंग्रजीत ‘रिझ अप’ म्हणतात. मराठीत ‘भुरळ घालणे’ असताना ‘रिझ मारणे’ कशाला?

लिहिताना ‘रिज’ नको. उच्चार ‘साइझ’मधल्या ‘झ’सारखा करा.