थंडीत पिकअप स्टार्ट घेत नाही? दोष थंडीचा की रात्रीचा, ते आधी ठरवा

निफाड-सिन्नर पट्ट्यात पारा ५-६ अंशांवर उतरला की पहाटे भाजी घेऊन निघणाऱ्या डिझेल पिकअप रुसतात आणि सल्लागारांची गर्दी जमते. कोणी हीटर प्लग (स्टार्टआधी सिलिंडरमधली हवा तापवणारा) बदलायला सांगतो, कोणी टाकीत रॉकेल ओतायला, कोणी एअर फिल्टरपाशी काकडा पेटवून धरायला. शेवटच्याला गाडीजवळ फिरकू देऊ नका. काहीही बदलण्याआधी पुढच्या क्रमाने तपासा.

सेल्फ जोमात फिरतोय का? रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट हवेत, १२.२ म्हणजे ती अर्धी उतरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज ९.६ च्या खाली गेले तर आधी बॅटरीच बघा. ते ठीक असूनही सेल्फ सुस्त असेल तर मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरे इंजिनच्या ब्लॉकला लावून सेल्फ मारा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंगची पट्टी गंजली आहे. डिझेल पेटते ते दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर. इंजिन संथ फिरले की हवा रिंगांमधून निसटते, उष्णता सिलिंडरच्या भिंतीत मुरते आणि डिझेल पेटत नाही. सलग १० सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका.

आता एकाला सेल्फ मारायला बसवा आणि तुम्ही सायलेन्सरकडे बघा. डोळे चुरचुरणारा पांढरा धूर येत असेल तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचते आहे, पेटत नाही इतकेच. धूरच नसेल तर डिझेल पोचतच नाही, आणि तिथे हीटर प्लगचा काहीही संबंध नाही. हे एवढे न बघता चारही प्लग बदलणारे गॅरेज सोडून द्या.

धूर नाही: लाइन एअर घेते आहे

लोक सगळ्यात जास्त फसतात ते इथे. गाडी फक्त पहाटे त्रास देते, म्हणून दोष थंडीवर जातो. पण पहाटे दोन गोष्टी एकत्र येतात: गारठा, आणि आठ-दहा तास गाडी उभी राहणे. त्या वेगळ्या करा. दुपारच्या उन्हात गाडी आठ तास उभी ठेवून स्टार्ट करून बघा. तेव्हाही सेल्फ खात असेल तर डिझेल रात्रीतून टाकीकडे परत उतरते आहे. थंडीत रबरी पाइप आणि सील आकसतात, कडक होतात, म्हणून हीच गळती हिवाळ्यात वाढते. मूळ कारण मात्र बारीक फट.

ही फट डोळ्यांना दिसत नाही. टाकीपासून इंजिनजवळच्या पंपापर्यंतची डिझेलची लाइन ओढीवर चालते; तिथल्या फटीतून डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. म्हणून ‘कुठे ओल नाही, लाइन चांगली आहे’ हे म्हणणे फोल. (टाकीतच इलेक्ट्रिक पंप असेल तर त्या लाइनमध्ये दाब असतो आणि गळती ओली दिसते, तिला हे लागू नाही.)

दोन फुकटच्या चाचण्या आहेत. एका रात्री गाडीचे तोंड उताराकडे करून, टाकी भरून उभी करा. टाकी पंपापेक्षा वर राहते. सकाळी गाडी लगेच सुरू झाली तर एअरचाच प्रश्न. दुसऱ्या सकाळी सेल्फ मारण्याआधी डिझेलच्या लाइनवरचा, हाताने दाबायचा छोटा हातपंप कडक होईपर्यंत दाबा. त्याने फरक पडला तर तेच.

जागा शोधायला डिझेलला टिकणारा पारदर्शक पाइप घ्या, आतला व्यास मूळ पाइपइतकाच. त्याचा वीतभर तुकडा आधी डिझेल फिल्टरच्या अलीकडे (टाकीच्या बाजूला) आणि मग पलीकडे (पंपाच्या बाजूला) बसवून इंजिन चालवा. फिल्टर नुकताच उघडला असेल तर सुरुवातीचे बुडबुडे सोडून द्या. १० मिनिटांनंतरही बुडबुड्यांची माळ थांबत नसेल तर गळती खरी. फिल्टरच्या अलीकडच्या तुकड्यातच बुडबुडे दिसले तर दोष टाकी ते फिल्टर या भागात. फक्त पलीकडे दिसले तर फिल्टरचे गॅस्केट, पाणी काढायचा स्क्रू किंवा हातपंप. कुठेच दिसले नाहीत तर इंजेक्टरांवरचे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारतात ते) बारीक रिटर्न पाइप, म्हणजे उरलेले डिझेल परत नेणारे, बघा. डिझेल तिकडूनही मागे उतरते. तपासणी झाली की तुकडा काढून टाका, तो कायमचा नव्हे.

दुरुस्ती साधी आहे: पाइपचे कडक झालेले टोक कापा, क्लिप नवी, वॉशर नवा. जोडावर नळाची पांढरी टेफ्लॉन टेप मात्र गुंडाळू नका. तिचे तुकडे सुटून पंपात आणि इंजेक्टरात जातात, आणि मग खर्च वॉशरच्या शेकडो पट होतो. जुन्या इंजिनात इंजेक्टरचा नट सैल करून एअर काढत. कॉमन रेलमध्ये (नवी इंजिने, ज्यांत सगळ्या इंजेक्टरांना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल मिळते) तो प्रकार अजिबात नको. तिथला दाब शेकडो बारचा, डिझेलची धार कातडी फोडून आत शिरते.

पांढरा धूर येतो: आता प्लग

डॅशवरचा दिवा विझला म्हणजे प्लग चांगले, असे नाही. तो दिवा टायमरवर चालतो. वायर काढून प्रत्येक प्लगचा ओहम मोजा. सहसा १ च्या आसपास येतो; जो चौघांत वेगळा किंवा ज्यातून करंटच जात नाही, तो गेला. सगळे बरोबर असतील तर रिले, फ्यूज आणि इंजिनच्या पाण्याचा टेम्परेचर सेन्सर बघा. इंजिन गरम असल्याचे सेन्सरने खोटे सांगितले तर प्लगला करंटच जात नाही. थेट १२ व्होल्ट देऊन तपासू नका, नव्या गाड्यांतले काही प्लग कमी व्होल्टचे असतात, क्षणात जळतात. प्लग काढताना इंजिन कोमट हवे, नाहीतर तो हेडमध्येच तुटतो.

प्लगही ठीक असतील तर कम्प्रेशन आणि इंजेक्टरचे रिटर्न मोजून घ्या, ते गॅरेजचे काम.

स्टार्टिंग स्प्रे मारू नका. तापलेल्या प्लगवर तो भडकतो, पिस्टन-रिंग फुटतात. रॉकेलही नको, कॉमन रेल पंपाला वंगण डिझेलचेच असते. भारतीय मानकात गारठ्याने डिझेल साकळून फिल्टर तुंबण्याच्या तापमानाची मर्यादा हिवाळी डिझेलला ६ अंश आणि उन्हाळी डिझेलला १८ अंश आहे, त्यामुळे आपल्याकडे डिझेल गोठणे क्वचितच. उन्हाळ्यातले ड्रममधले डिझेल जानेवारीत ओतले तर गोष्ट वेगळी: तशी गाडी बहुधा सुरू होते, पण काही मिनिटांत दम सोडते.